झाकल्या मुठीचं विमान

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर तीन-चार महिन्यांनी एक व्हिडिओ परत येतो. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारा मराठी माणूस. खाली नेहमीचा मजकूर: आपल्या माणसाची आपल्यालाच कदर नाही, परदेशात असता तर लोकांनी डोक्यावर घेतला असता, अभिमान असेल तर पुढे पाठवा. मग काका अंगठा टाकतात, आत्या हात जोडते, पुण्यातला चुलतभाऊ 'रिस्पेक्ट' लिहितो. गेल्या जुलैत तो परत आला तेव्हा मी महाबळेश्वरला घरी होतो आणि माझ्यासमोर न्हाणीघराची अर्धी भिंत फोडलेली होती. त्या भिंतीमुळे असेल, पण पहिल्यांदाच मी ग्रुपवर लिहिलं, "पण या विमानाला झाकणं किती आहेत?"

कुणाला कळलं नाही. काकांनी लिहिलं, "तू इंजिनियर झालास म्हणजे लय शाणा झालास काय?" मग दिवसभर भांडण. ते ग्रुपवर नीट मांडता आलं नाही, म्हणून इथं मांडतो.

आधी त्या माणसाबद्दल, कारण माझं भांडण त्याच्याशी अजिबात नाही. कॅप्टन अमोल यादव हे मूळचे आमच्याच सातारा जिल्ह्यातले, पेशाने वैमानिक, जेट एअरवेजमध्ये नोकरीला होते. चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. आधीचे दोन प्रयत्न फसले होते, हे तिसरं, म्हणून नाव टीएसी-००३. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते सुटं करून क्रेनने खाली उतरवलं आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, उड्डाण चाचणीचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये, आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर ते हवेत गेलं. प्रदर्शनापासून उड्डाणापर्यंत साडेचार वर्षं. हे सगळं करणाऱ्या माणसापुढे मी कोण? माझ्या हाताने आजवर उडालेली सर्वात मोठी वस्तू दीड मीटरची होती, आणि ती पडली. त्याबद्दल पुढे.

माझं भांडण ही गोष्ट आपण ज्या पद्धतीने सांगतो तिच्याशी आहे. मी वाचलेल्या प्रत्येक बातमीत तीनच पात्रं आहेत: स्वप्न, गच्ची आणि सरकारी कचेरी. स्वप्न मोठं, गच्ची छोटी, कचेरी दुष्ट. विमान या गोष्टीत फक्त फोटोपुरतं येतं. ते आतून कसं आहे, पंखातल्या तारा आणि दांडे तपासायचे तर हात कुठून घालायचा, दहा वर्षांनी त्याच्या सांध्यांना गंज लागला तर कुणाला कसा दिसणार, याबद्दल एक ओळ नाही. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाला तिची उणीव भासत नाही. मलाही भासली नव्हती, भिंत फुटेपर्यंत.

झाकण म्हणजे काय ते सांगतो. विमानवाले त्याला ॲक्सेस पॅनेल म्हणतात. तुम्ही कधी विमानात खिडकीजवळ बसला असाल तर पंखावर छोटे छोटे चौकोन आणि लंबगोल दिसले असतील, कडेने स्क्रूंची रांग. प्रवाशाला ती ठिगळं वाटतात. पण विमानाच्या पंखात खूप काही राहतं. वैमानिकाने काठी हलवली की पंखाच्या टोकाकडचा एलेरॉन हलावा म्हणून आत दांडे असतात, त्यांची दिशा फिरवणारे तुकडे असतात, बोल्ट असतात, वायरी असतात, इंधनाच्या नळ्या असतात. यातला एक बोल्ट सैल झाला तर गाडीसारखं रस्त्याच्या कडेला थांबता येत नाही. म्हणून तो बोल्ट दर वर्षी कुणीतरी डोळ्यांनी पाहिला पाहिजे, हाताने हलवून पाहिला पाहिजे. झाकण त्यासाठी.

घरी विमान बांधणाऱ्यासाठी हे झाकण बसवणं हे सर्वात कंटाळवाणं काम आहे. अमेरिकेत व्हॅन्स एअरक्राफ्ट नावाची कंपनी घरी बांधायच्या विमानांचे सुटे भाग विकते आणि तिची हजारो विमानं लोकांनी गॅरेजमध्ये बांधून उडवली आहेत. मी कॉलेजपासून या लोकांनी लिहिलेली कामाची टिपणं वाचत आलोय. रात्री जेवण झाल्यावर वेब सिरीज बघावी तसा मी रिव्हेट मारणाऱ्या अनोळखी म्हाताऱ्यांना बघतो. या टिपणांमध्ये इंजिन पहिल्यांदा सुरू झाल्याचा दिवस एक पानभर असतो आणि झाकणांचे दिवस संपता संपत नाहीत.

कारण असं आहे. पत्र्याच्या विमानात वरचा पत्रा नुसतं आवरण नसतो. भार त्या पत्र्यातून वाहतो. तुम्ही त्यात भोक पाडलंत की तो भार भोकाच्या कडेने वाट काढतो, आणि कोपरा काटकोनी असेल तर सगळा तिथं गोळा होतो. कॉमेट या ब्रिटिश जेट विमानांचे १९५४ सालचे अपघात आठवा. हवेच्या दाबाने फुगून आकसून शेवटी पत्रा फाटला, तो अशाच कापलेल्या जागांच्या कोपऱ्यांपासून. म्हणून झाकणाचं भोक गोल किंवा गोल कोपऱ्यांचं. कड कानशीने घासून इतकी गुळगुळीत करायची की नख अडकता कामा नये, कारण प्रत्येक ओरखडा ही उद्याची चीर. मग आतल्या बाजूने भोकाभोवती पत्र्याची दुसरी कड रिव्हेट करायची, भोकाने घालवलेली ताकद परत देण्यासाठी. झाकण त्या कडेवर बसतं, त्यामुळे बाहेरून पंख सपाट राहतो.

आणि स्क्रू. स्क्रू म्हटला की पलीकडे नट हवा, पण बंद पंखात नट धरायला कोण बसणार? म्हणून नटप्लेट. म्हणजे आतल्या बाजूला दोन रिव्हेटांनी कायमचा बसवलेला नट. एका स्क्रूसाठी तीन भोकं. एका झाकणाला डझनभर स्क्रू असले तर छत्तीस भोकं, चोवीस रिव्हेट, आणि एक भोक अर्धा मिलिमीटर सरकलं तर स्क्रू तिरका जाऊन आटे खातो. शिवाय वजन वाढतं. शिवाय दिसायला ठिगळ. पंख आरशासारखा चकाचक झालेला असताना त्याच्या पोटाला खिडकी कापायची, ही हिंमत व्हायला वेगळी छाती लागते.

काही लोक ती टाळतात. पंख पूर्ण बंद करतात आणि मग कधीतरी लक्षात येतं की आतल्या एका बोल्टपर्यंत हात पोचत नाही. तेव्हा बंद पंखाला नव्याने झाकण बसवावं लागतं. कुठं फासळी आहे, कुठं मुख्य तुळई आहे हे बाहेरून मोजून, त्यांना धक्का न लावता कापायचं. कापताना पडलेला धातूचा कीस आत जातो, तो चिकटपट्टी आणि व्हॅक्यूम लावून कणाकणाने काढायचा. हे दोन दिवसांचं काम, जे आधी केलं असतं तर दोन तासांत झालं असतं. कापडी विमानांच्या लोकांची यावर एक सुंदर रीत आहे. ते कापड चढवतानाच जिथं कधी बघायची वेळ येऊ शकेल तिथं प्लास्टिकची कडी चिकटवून ठेवतात. कापड लगेच कापत नाहीत. गरज पडली की कडीच्या आतलं कापड कापायचं, बघायचं, आणि वर गोल चकती बसवायची. उद्या मला माझ्याच कामावर संशय येऊ शकतो, हे त्यांनी आज धरून ठेवलेलं असतं.

आता माझं दीड मीटरचं विमान. तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही पाच जणांनी स्पर्धेसाठी रिमोटवर उडणारं विमान केलं. बाल्साचा सांगाडा, वर इस्त्रीने चिकटवलेली रंगीत फिल्म, आणि एलेरॉन हलवणारी मोटर पंखाच्या आत. मोटरवर झाकण ठेवावं असं एकजण म्हणाला होता. मी म्हणालो, फिल्मवर सुरकुती येईल, परीक्षकांना फिनिशिंग दिसतं. स्पर्धेच्या आदल्या रात्री डावा एलेरॉन थोडा अडखळत होता. बघायचं तर फिल्म फाडायची. रात्रीचे दोन वाजलेले. आम्ही रिमोटवर चार वेळा हलवून पाहिला, चौथ्या वेळेला नीट हलला, झोपलो. सकाळी विमान डावीकडे वळलं आणि वळतच राहिलं. मोटरच्या दांड्यावरचा एक स्क्रू सैल होता. तो दिसला तेव्हा पंखाचे तुकडे हातात होते, त्यामुळे बघायला काही अडचण आली नाही.

आमचं काय गेलं? नऊ-दहा हजार रुपये आणि पाच जणांची मैत्री सहा महिने. ज्यांचं खूप जास्त गेलं त्यांची गोष्ट अशी. ३१ जानेवारी २०००. अलास्का एअरलाइन्सचं २६१ क्रमांकाचं उड्डाण, एमडी-८३ जातीचं विमान, मेक्सिकोहून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघालेलं. शेपटीतला आडवा पंख वरखाली करणारा एक मोठा स्क्रू असतो आणि तो एका नटमध्ये फिरतो. त्याला ठरावीक काळाने ग्रीस लावावं लागतं. त्या विमानाच्या नटचे आटे झिजून झिजून संपले, शेपटीतला आडवा पंख ताब्याबाहेर गेला, आणि विमान कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात कोसळलं. ८८ माणसं गेली. समुद्रतळावरून तो स्क्रू काढला तेव्हा नटचे तासलेले आटे त्याला तारेसारखे गुंडाळलेले होते. जिथं ग्रीस असायला हवं तिथं उपयोगाचं ग्रीस नव्हतं.

चौकशीत बरंच निघालं. ग्रीस लावायची आणि तपासायची मुदत वाढवत नेलेली, कंपनीची देखभाल ढिसाळ. पण त्यात एक बारीक गोष्ट होती जी मला विसरता येत नाही. ग्रीस लावायला शेपटीवर जे झाकण होतं त्यातून जेमतेम हात आत जायचा. हात आत गेला की त्याच हाताने दिसायचं बंद होतं. म्हणजे मेकॅनिकने उंचावर उभं राहून, न बघता, चाचपून ग्रीस लावायचं. चौकशी मंडळाने म्हटलं की ही झाकणं मोठी केली तर काम नीट होण्याची शक्यता वाढेल. जेट विमान बांधणाऱ्या जगातल्या बड्या कंपनीच्या कारखान्यात कुणीतरी कागदावर एक चौकोन काढला होता, आणि तो काही इंच लहान काढला होता. बाकीच्या चुका त्या चौकोनातून दिसल्या असत्या.

झाकण असलं म्हणजे झालं, असंही नाही. सप्टेंबर १९९१ मध्ये टेक्सासमध्ये कॉन्टिनेंटल एक्सप्रेसचं छोटं विमान हवेतच मोडलं, १४ जण गेले. आदल्या रात्री शेपटीवरचं काम करताना ४७ स्क्रू काढले होते. पाळी बदलली, पुढच्या पाळीला नीट सांगितलं गेलं नाही, आणि ते स्क्रू परत लागलेच नाहीत. उघडलं कुणी, बंद कुणी केलं, आणि ते लिहून कुठं ठेवलं, हाही झाकणाचाच भाग.

ग्रुपवर काकांनी मला जे ऐकवलं ते हे होतं: "प्रत्येकात खुसपट काढायची सवय लागलीय तुम्हाला. झाकली मूठ सव्वा लाखाची."

ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की तिच्यात काय भरलंय ते बघत नाही. मूठ उघडू नका, कारण उघडली तर किंमत कळेल. लग्न ठरवताना ही म्हण, धंद्याचा हिशेब विचारल्यावर ही म्हण, घराची डागडुजी निघाली की ही म्हण. आमच्या न्हाणीघराच्या भिंतीतही तीच होती, आणि ती मीच घातली होती, काकांनी नव्हे.

झालं असं. चार वर्षांपूर्वी पहिल्या बोनसमधून मी घराचं न्हाणीघर नवं करून द्यायचं ठरवलं. पूर्वी तिथं उघडे लोखंडी पाईप होते, भिंतीवरून फिरणारे, गंजलेले, पण दिसणारे. मला हॉटेलसारखं हवं होतं. सगळं भिंतीच्या आत, वर मोठी चकचकीत टाइल. काम करायला आलेले प्लंबरकाका म्हणाले, "सायेब, जोडापाशी टाइलला एक झाकण ठिवूया. हितं पाऊस हाय." मी म्हणालो, नको, वाईट दिसतं. त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा आप्पांकडे बघितलं आणि टाइल लावली.

महाबळेश्वरच्या पावसाबद्दल बाहेरच्यांना सांगावं लागतं. एका पावसाळ्यात इथं पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो. जून लागायच्या आत लोक घरांना पावसाच्या बाजूने कोळंबाच्या गवताच्या झडी बांधतात. नाहीतर भिंत थेट पाणी पिते. जुलैत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला हिरवं येतं, पुस्तकांना वास येतो, मीठ पातळ होतं. अशा घरात भिंतीला ओल आली तर ती बाहेरून आली की आतून, हे कुणीच सांगू शकत नाही. आप्पा दोन पावसाळे म्हणत राहिले की भिंत बाहेरून भिजतेय. दोन वर्षं त्यांनी झडी दुप्पट जाड बांधल्या. खर्च केला, माणसं लावली, स्वतः शिडीवर चढले. तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यातही भिंत ओली राहिली तेव्हा कळलं. आतला जोड गळत होता, पहिल्या दिवसापासून. झाकण असतं तर एक स्क्रूड्रायव्हर आणि दहा मिनिटं लागली असती. जुलैच्या पावसात भिंत फोडली तेव्हा तेच प्लंबरकाका आले. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "आता तरी ठिवायचं का?"

तर त्या भिंतीपुढे बसून मी तो व्हिडिओ बघत होतो.

आपल्याकडे एक विमान असंही आहे ज्याला झाकण नाही आणि म्हणूनच ते कधी म्हातारं होत नाही. शिवकर बापूजी तळपदे यांचं १८९५ सालचं, चौपाटीवर उडाल्याचं सांगितलं जाणारं. त्या विमानाचा एकही तुकडा नाही, नकाशा नाही, तपासता येईल अशी नोंद नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचं नाव त्याच्याशी जोडलं जातं, त्याचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये केला. त्यांचा निष्कर्ष होता की ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत. तरी २०१५ च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर व्याख्यान झालंच, आणि त्याच महिन्यात तळपद्यांवर हिंदी सिनेमाही आला. राइट बंधूंचं विमान आज संग्रहालयात आहे, त्यांच्या वह्या आहेत, फसलेल्या प्रयोगांची पत्रं आहेत. कुणीही जाऊन त्यांच्यात चूक काढू शकतं. तळपद्यांच्या विमानात चूक काढायची सोयच नाही. तळपद्यांनी खरोखर काही धडपड केली असेल तर तिचा सर्वात मोठा अपमान आपण केलाय, कारण आपण ती तपासण्याच्या पलीकडे नेऊन ठेवली. आणि मला भीती ही वाटते की अमोल यादवांच्या विमानाचंही आपण तेच करतोय. त्या माणसाने खरे रिव्हेट मारले, खरं इंजिन बसवलं, खरे कागद भरले, आणि आपण त्याला पोस्टर करून टाकलं.

आता काकांची बाजू. ते म्हणाले, साडेचार वर्षं लागली, ते तुला दिसत नाही का? दिसतं. आणि इथं काका बरोबर आहेत, फक्त त्यांनी कारण चुकीचं धरलंय. त्यांना वाटतं, कचेरीने तपासायला नको होतं. मला वाटतं, तपासायलाच हवं होतं, पण तपासणाऱ्या कचेरीलाही झाकण हवं होतं. सरकारी फाईल हा आपल्याकडचा सर्वात घट्ट बंद पंख आहे. अर्ज आत जातो, आत कुठला बोल्ट अडलाय ते बाहेर कळत नाही, महिने जातात, आणि मग वरून कुणीतरी मोठ्या माणसाने लक्ष घातलं की एका दिवशी सुटतं. याने तपासणीची बदनामी होते. लोकांना वाटू लागतं की तपासणी म्हणजे छळ आणि सुटका म्हणजे ओळख. मग पुढचा मुलगा तपासणीच्या वाटेलाच जात नाही.

हा पुढचा मुलगा कल्पनेतला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पत्रे आणि वेल्डिंगचं काम करणाऱ्या चोवीस वर्षांच्या तरुणाने स्वतः बांधलेलं हेलिकॉप्टर रात्री जमिनीवर चालवून पाहिलं. शेपटीच्या पंख्याचं पातं तुटलं, मुख्य पंख्यावर आदळलं आणि तो पंखा त्याच्या डोक्याला लागला. तो गेला. त्यानंतर त्याचेही व्हिडिओ फिरले, खाली तेच 'रिस्पेक्ट', तेच 'गावचा हिरो'. चाचणी बघायला लोक होते, फोन होते. पण त्याच्या शेजारी उभं राहून "थांब, हे पातं कशाने जोडलंयस ते उघडून दाखव" म्हणणारा जाणता माणूस गावात कुठून येणार? तालुक्याला कुठं आहे? जिल्ह्याला? त्या पोराकडे हात होते, बुद्धी होती, चिकाटी होती. आपण त्याला टाळ्या दिल्या.

अमेरिकेत हौशी विमान बांधणाऱ्यांची संघटना १९५३ पासून आहे. त्यांच्यात एक साधी रीत आहे. पंख बंद करायच्या आधी अनुभवी बांधणारा तुमच्या गॅरेजमध्ये येतो, आत टॉर्च मारतो, रिव्हेट बघतो, काय चुकलं ते सांगतो, चहा-कॉफी पिऊन जातो. पैसे घेत नाही, सरकारी शिक्का मारत नाही. विमान तयार झाल्यावर सरकारी तपासणी होते ती वेगळी. पुढे दर बारा महिन्यांनी सगळी झाकणं उघडून पाहणी, आणि ज्याने ते बांधलं त्याला स्वतःच्या विमानाची ही पाहणी करायचा परवाना मिळू शकतो. आणि विमानात चढायच्या जागी मोठ्या अक्षरात 'एक्सपेरिमेंटल' लिहावं लागतं. आत प्रवाशासाठी पाटी असते की हे विमान हौशी माणसाने बांधलंय आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम ते पाळत नाही. दारातच मूठ उघडी. तरी लोक त्यात बसतात, तरी आनंदाने उडतात.

मी स्वतः रोज सॉफ्टवेअर लिहितो आणि आमच्या धंद्यात झाकणाला लॉग म्हणतात: प्रोग्राम आत काय करतोय याची त्याने स्वतः लिहिलेली नोंद. डेडलाइन आली की पहिली काट त्याच्यावर पडते, कारण डेमोमध्ये लॉग दिसत नाही. तुमच्यापैकी जे या धंद्यात आहेत त्यांना रात्री अडीचचा फोन माहीत आहे. आत काहीतरी तुटलंय आणि बघायला खिडकी नाही. जास्त सांगत नाही.

ग्रुपवर मी शेवटी एक गोष्ट मागितली होती, ती इथंही मागतो. पुढच्या वेळी कुणी घरी विमान बांधतंय, ट्रॅक्टरचं इंजिन लावून काही उडवतंय, असा व्हिडिओ तुमच्याकडे आला तर खाली 'रिस्पेक्ट' लिहायच्या आधी एक प्रश्न लिहा. कंट्रोलचे दांडे बघायला जागा कुठं ठेवली? शेवटचं कधी उघडून पाहिलं? कुणी पाहिलं? बांधणारा खरा असेल तर त्याला राग येणार नाही. उलट तो तासभर बोलेल, कारण त्याच्या आयुष्याचे कित्येक महिने त्या छत्तीस भोकांत गेलेले असतात आणि त्याबद्दल त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं. पत्रकारांनीही हेच विचारावं. बायकोने साथ दिली का, आईला काय वाटलं, हे नंतर विचारा.

काकांनी माझ्या लांबलचक मेसेजला उत्तर म्हणून दुसऱ्या दिवशी गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल पाठवलं. आमच्याकडे याला तह म्हणतात.

भिंत सप्टेंबरात बुजवली. जोडासमोर आता फूटभर चौरस झाकण आहे, पांढरं, चार स्क्रूंचं, टाइलच्या रंगाशी अजिबात न जुळणारं. पाहुणे विचारतात हे काय. आप्पा त्यांना स्क्रूड्रायव्हर आणून उघडूनच दाखवतात. चारपैकी एक स्क्रू त्या भानगडीत हरवलाय, तो मला पुढच्या वेळी साताऱ्याहून आणायचा आहे.